गांजाच्या पुडीपायी लेकरं जेलात घालणं आता थांबवा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसाला एक बातमी असतेच, तुरीच्या पिकात गांजाची लागवड, एवढ्या लाखांचा मुद्देमाल जप्त, शेतकरी ताब्यात. फोटोत हिरव्या झाडांचा ढीग, मागं साहेब लोकं उभे आणि पुढं एक माणूस तोंडावर उपरणं ओढून बसलेला. बातमी तिथंच संपते. त्याच्यानंतर काय होतं ते मला रोज बघायला मिळतं, कारण माझं टायपिंगचं दुकान कोर्टाच्या समोरच आहे, जामीन अर्ज म्हणा, अफिडेव्हिट म्हणा, जामीनदाराचे कागद म्हणा, सगळं माझ्याकडून टाईप होऊन जातं. म्हणून हे पत्र लिहायलोय. लांब झालंय, पण शक्य असेल तर काटछाट न करता छापा ही विनंती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. स्वतःपुरता गांजा जवळ ठेवणं आणि ओढणं हा फौजदारी गुन्हा राहू नये. दंड लावा, समज द्या, दवाखान्यात पाठवा, पण हातकडी आणि जेल नको. पानटपरीवर गांजा विकायला ठेवा असं मी म्हणत नाही आणि क्विंटलनं माल आणणाऱ्याला सोडा असं तर अजिबातच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात १ किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, त्याला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी ही शिक्षा ६ महिने होती, २०१४ मध्ये वाढवली. निस्ता ओढताना सापडला तरी कलम २७ खाली ६ महिन्यापर्यंत जेल आहे. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, मग १० ते २० वर्षं आणि कमीत कमी १ लाख दंड. झाड लावलं तर किलोचा प्रश्नच नाही, १० वर्षापर्यंत. आणि व्यापारी प्रमाणात कलम ३७ लागतं, म्हणजे हा माणूस दोषी नाही असं मानायला जागा आहे आणि तो बाहेर गेल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला आधी पटल्या पाहिजेत, तरच जामीन. खटला सुरू व्हायच्या आधी माणसानं आपण निर्दोष आहोत हे कसं पटवून द्यायचं, हे एवढी वर्षं अर्ज टाईप करूनही मला समजलेलं नाही.

यातली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वजनाची आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. पानं आणि बिया शेंड्यासोबत नसतील तर तो गांजा नाहीच. पण पंचनामे वाचा. ‘हिरवी ओली झाडं मुळासकट उपटून, माती झटकून’ आणि मग वजनकाट्यावर. मुळं, खोड, फांद्या, पानं, वरचा पावसाचा ओलावा सगळं मिळून आकडा येतो. माझ्याकडं एका बाईंचे कागद आले होते, कोरडवाहू रान, तुरीच्या दोन ओळींच्या मधे त्यांच्या मुलानं ती झाडं लावलेली. पंचनाम्यात वजन २० किलोच्या थोडंसंच पुढं होतं. खुरटी झाडं, काहींना तर अजून फुलोरा धरला नव्हता असं पंचनाम्यातच लिहिलेलं. शेंडे खुडून, सुकवून मोजले असते तर ते वजन कुठल्या कुठं खाली आलं असतं आणि जामिनाचा रस्ता सोपा झाला असता. त्या माउली सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आल्या होत्या, लेकाला जामीन राहायला. मी त्यांना सांगितलं की अजून जामीनच झाला नाही, जामीनदार नंतर लागतो. त्या म्हणाल्या, असू द्या, तुमच्याजवळ ठेवा, परत यायला भाड्याला पैसे नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयानं अशा काही केसमध्ये पानं-बिया-खोड वेगळं न करता वजन केलं म्हणून जामीन दिलेले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायचं म्हणजे आपल्याकडच्या माणसाला संभाजीनगरला खंडपीठात वकील लावावा लागतो. त्याची फी, येणंजाणं, कागदपत्रं. तोपर्यंत म्हैस विकलेली असते आणि सावकाराकडून शेकड्यानं पैसे उचललेले असतात. एक हंगाम तर गेलाच, कधी दोन जातात. आपल्या देशातल्या जेलमधले चारात तीन जण कच्चे कैदी आहेत, सरकारी आकडेवारीच सांगते, २०२२ अखेर ७५.८ टक्के. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, नुसती तारीख पडायलीय.

शेतकरी गांजा का लावतो हे आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता आणि मोंढ्यात कट्टा घेऊन गेलं तर त्याच्या बरंच खाली बोली. २०२५-२६ ला ५,३२८ केला, पण सप्टेंबरच्या पावसानं रानच खरवडून नेलं, मग भाव कशाचा बघायचा. अशा वेळी कुणीतरी येतो, बी देतो, उचल देतो, माल मीच नेतो म्हणतो. धाड पडली की सापडतो तो शेतकरी. बी देणारा फिर्यादीत नसतो, चार्जशीटमध्ये नसतो, तो पुढच्या गावात गेलेला असतो. मी टाईप केलेल्या कागदांत असा मोठा व्यापारी आरोपी म्हणून फार क्वचित बघितलाय.

ओढणाऱ्यांचं वेगळंच. बस स्टँडच्या मागं, तळ्याच्या कडंला, पोरं सापडतात. हमाल, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं. विधी सेंटर नावाच्या संस्थेनं मुंबईतल्या कोर्टांच्या २०१७ आणि २०१८ च्या एनडीपीएस केसेस तपासल्या, १० हजाराहून जास्त होत्या, जवळपास सगळ्या निव्वळ सेवनाच्या आणि त्यातल्या सुमारे ८७ टक्के गांजाच्या. म्हणजे ड्रग माफियासाठी आणलेला कायदा पुडीवाल्यावर वापरला जातोय. आपल्या जिल्ह्यांचा असा कुणी अभ्यास केलेला माझ्या वाचण्यात नाही, पण माझ्या दुकानातून जे कागद जातात त्यावरून चित्र काही वेगळं नाही.

एक मुलगा होता, पोलीस भरतीची तयारी करायचा, पहाटे चारला ग्राउंडवर. मैदानी चांगली, लेखीही निघेल अशी. मित्रांबरोबर बसला असताना खिशात पुडी निघाली. वकिलानं सांगितलं गुन्हा कबूल कर, दंडावर सुटशील, तारखांचा ताप संपेल. त्यानं केला. कबुलीचा कागद मीच टाईप केला, चहासुद्धा पाजला त्याला. पुढं चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तो माझ्याकडंच आला, काका इथं काय लिहू म्हणून. त्या रकान्यात खोटं लिहिलं तर अजून एक गुन्हा, खरं लिहिलं तर भरती संपली. आता तो पुण्याकडं गोडाऊनला कामाला आहे म्हणतात. दंडाची पावती हजार-दोन हजाराची, पण त्याची किंमत त्या पोरानं आयुष्यभराच्या पगारात मोजली आणि राज्यानं एक चांगला शिपाई गमावला. आर्थिक नुकसान म्हणजे हेच की, याला अजून वेगळा कुठला हिशोब पाहिजे?

सरकारचा खर्च बघा. एका पुडीला एक फौजदार, दोन-तीन शिपाई, दोन पंच, सीलबंद नमुना प्रयोगशाळेला, तिथनं रिपोर्ट येईस्तोवर वाट, मग सरकारी वकील, कोर्टाच्या तारखा, पंच साक्षीला बोलावणं, ते न येणं. हे सगळं तुमच्या आमच्या टॅक्समधून. आणि त्याच वेळी आपल्या डोळ्यासमोर काय वाढलंय ते बघा. संभाजीनगरात बटन गोळ्या, त्या खाऊन झालेल्या हाणामाऱ्यांच्या बातम्या तुम्हीच छापता. २०२३ च्या ऑक्टोबरात पैठण एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत तपास पोचला आणि शेकडो कोटींचे सिंथेटिक ड्रग्ज निघाले. २०२५ ला तुळजापूरसारख्या देवीच्या गावात एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन या सिंथेटिक ड्रगचं, प्रकरण बाहेर आलं. एमडी आणि गांजा एकाच काट्यानं मोजायचे आणि पोलिसांनी महिन्याचा केसचा आकडा पुड्यांवर भरून काढायचा, हे चूक आहे. खरी झोप उडायला पाहिजे ती एमडीनं. जेवढे शिपाई पुडीमागं तेवढे तिकडं कमी, हा साधा हिशोब आहे.

दारूचं तर बोलायलाच नको. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानं एम्सकडून सर्वे करून घेतला, २०१९ ला तो आला. देशात १६ कोटी लोक दारू पितात, भांग-गांजा-चरस मिळून ३ कोटी १० लाख, त्यातही भांगवालेच २ कोटी २० लाख. ज्यांना व्यसनासाठी मदतीची गरज आहे असे दारूचे ५ कोटी ७० लाखांवर, आणि गांजा-भांगेचे ७२ लाख. ७२ लाख हा काही छोटा आकडा नाही, मी तो झाकत नाही. पण दारूवर राज्य उत्पादन शुल्क खातं दरसाल हजारो कोटी कमवतं, लायसन देतं, आणि गांजावाल्याला जेल. विषारी दारूनं २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत १०० च्या वर माणसं गेली. म्हणून दारू पिणाऱ्याला कुणी जेलात घाला म्हणालं नाही, विषारी दारू विकणाऱ्याला घाला म्हणाले, आणि तेच बरोबर होतं.

काही जण म्हणतील गांजा आपल्या संस्कृतीत बसत नाही. परळीला, औंढ्याला महाशिवरात्रीला जाऊन बघा म्हणावं, साधूंच्या धुनीजवळ काय असतं ते. निजामाच्या राज्यात आबकारी खातं शिंदी-दारूसोबत गांजावरही कर घ्यायचं. इंग्रजांनी तर १८९३ मध्ये यावर एक कमिशन नेमलं होतं, हजाराहून जास्त साक्षी काढल्या, ७ खंडांचा रिपोर्ट १८९४ मध्ये दिला. त्यांचा निष्कर्ष असा की माफक वापरानं फारसं नुकसान दिसत नाही, अति वापरानं होतं, पूर्ण बंदी घालू नका, कर लावा आणि ताबा ठेवा. पुढं १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नशेसाठीचा गांजा बंद करायला २५ वर्षांची मुदत होती, त्या दबावात आपण १९८५ चा कायदा केला. म्हणजे सध्याची बंदी काही परंपरेनं आलेली नाही, माझ्या हयातीतली आहे. त्या करारातही बदल व्हायलेत. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या आयोगात गांजा सगळ्यात कडक यादीतून काढायला मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारतानं काढायच्या बाजूनं मत दिलं. व्हिएन्नात एक भूमिका आणि बीडच्या बस स्टँडवर दुसरी, असं चालतं का?

आणि हे काही फक्त माझ्यासारख्या टायपिस्टचं डोकं नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानंच अर्थ मंत्रालयाला सुचवलं होतं की स्वतःच्या वापरापुरतं अल्प प्रमाण गुन्ह्यातून काढावं आणि अशा लोकांना उपचाराकडं वळवावं. त्याचं पुढं काहीच झालं नाही.

पोर्तुगालनं २००१ मध्ये हे करून दाखवलं. तिथं १० दिवसाच्या वापरापुरता माल सापडला तर कोर्ट नाही, एक समिती आहे, त्यात डॉक्टर-समाजसेवक-कायद्याचा माणूस बसतो, तो विचारतो बाबा तुला काय मदत पाहिजे. विकणाऱ्याला तिथं आजही जेल आहे. हे मॉडेल आपल्याला जमण्यासारखं आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहेच, लोकअदालती भरतातच. उलट थायलंडनं २०२२ च्या जूनमध्ये एकदम दार उघडलं, नीट कायदा न करता, गल्लोगल्ली दुकानं झाली, शेवटी २०२५ ला परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागलं. म्हणून मी विक्री खुली करा म्हणत नाही. आधी माणूस गुन्ह्यातून काढा, बाकी सावकाश.

शेतीचंही थोडं बोलतो कारण व्हॉट्सॲपवर फिरायलंय की गांजा कायदेशीर झाला की शेतकरी करोडपती. असं काही होणार नाही. कॅनडात २०१८ ला कायदेशीर झाला आणि पीक एवढं झालं की भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. २०२१ ला मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरकडं गांजा लावायची परवानगी मागितली होती, कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून. त्याची वेदना खरी आहे पण त्याला परवानगी मिळाली असती तरी दोन वर्षांत गांजाचंही सोयाबीन झालं असतं. नशा नसलेल्या भांगेच्या धाग्याचं आणि बियांचं मात्र वेगळं आहे. कायद्यातच राज्य सरकारला धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायचा अधिकार आहे, उत्तराखंडनं २०१८ पासून तशी लायसनं दिली, ०.३ टक्क्याच्या आत नशेचा घटक पाहिजे ही अट. २०२१ पासून भांगेचं बी आणि बियांचं तेल अन्न म्हणून विकायला मान्यता आहे. हिमाचलनं २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या विद्यापीठांमार्फत प्रायोगिक लागवड करायचं ठरवलं. मग परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाला दोन एकरावर प्रयोग करायला काय हरकत आहे? आपल्या उन्हात ०.३ च्या आत राहतं का, पाणी किती लागतं, उतारा किती येतो, हे कळल्याशिवाय शेतकऱ्याला स्वप्न दाखवू नये.

आता आया-बहिणींचा जो विरोध आहे त्याबद्दल. दुकानावर हा विषय निघाला की बायका म्हणतात, काका आधीच दारूनं घरं बसली, आता अजून एक कशाला. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आपल्या बायांनी उभी बाटली आडवी बाटलीची मतदानं जिंकून गावातली दुकानं बंद केलीत, तो त्यांचा हक्क आहे आणि गांजाच्या विक्रीबाबतही राहावा. लहान वयात गांजाची सवय लागली तर वाईट, डोक्यावर परिणाम होतो, ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे त्यांनी तर हातच लावू नये, डॉक्टर हेच सांगतात. पण मला त्या बायांना विचारायचंय, पोरगं गांजा ओढतंय कळल्यावर तुम्ही कुणाकडं जाता? सरकारी दवाखान्यात न्यायची भीती वाटते, केस होईल म्हणून. कायद्यात कलम ६४ए आहे, व्यसनी माणूस स्वतः उपचाराला तयार झाला तर सेवनाच्या गुन्ह्यात त्याला संरक्षण आहे. पण हे किती घरांना माहीत आहे? आणि माहीत असलं तरी तालुक्याला व्यसनमुक्तीचा सरकारी बेड कुठाय? तो पैसा पुड्यांच्या खटल्यात चाललाय.

चंद्रपूरची दारूबंदी आठवा. २०१५ ला केली, २०२१ ला सरकारनं स्वतःच उठवली, कारण चोरटी दारू, बनावट दारू आणि तस्करीत पोरं अडकायली होती. गडचिरोलीत १९९३ पासून आहे आणि तिथल्या लोकांना ती पाहिजे, तेही मला माहीत आहे. बंदी कुठं चालते कुठं नाही यावर वाद होऊ शकतो. पण त्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लढ्यात बायकांचा राग दारू विकणाऱ्यावर होता, नवऱ्याला दहा वर्षं आत टाका असं कुणी मागितलं नव्हतं.

शेवटी तुमच्याकडं एक मागणी आहे साहेब. गांजाच्या धाडीची प्रेसनोट आली की तुमच्या वार्ताहराला दोन प्रश्न विचारायला सांगा, वजन शेंड्याचं केलं का सगळ्या झाडाचं, आणि बी कुणी दिलं, त्याला अटक झाली का. पुडीच्या केसमधल्या पोराचं नाव, गाव आणि फोटो छापू नका. आणि हा कायदा केंद्राचा आहे, अल्प प्रमाण किती ते ठरवणारं नोटिफिकेशनही केंद्रच काढतं, तेव्हा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या खासदारांना पुढच्या अधिवेशनाच्या आधी तुमच्या पेपरातून विचारा की २०२१ च्या त्या शिफारशीवर तुमचं मत काय. त्यांची उत्तरं नावासकट छापा, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावंही छापा.

आपला नेहमीचा वाचक,
कोर्टासमोरचा टायपिस्ट, जि. बीड